तांबडा रस्सा गालाला लावून बघा

हळदीकुंकवाच्या दिवसांत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका महिला मंडळात एका बाईंचं व्याख्यान झालं. विषय होता स्वयंपाकघरातलं सौंदर्य. मी काही ऐकायला गेलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यापासून दुपारपर्यंत माझ्या मेडिकलच्या काउंटरवर त्यातलं एकच वाक्य चौघींनी ऐकवलं. "काका, जे तोंडात घालता येत नाही ते तोंडाला लावू नये म्हणे." चौघींपैकी दोघी सीरमची बाटली परत द्यायला आल्या होत्या. एकीची तर निम्मी संपलेली.

वाक्य झकास आहे. म्हणायला सोपं, 'तोंडात' आणि 'तोंडाला' यांची गंमत साधलेली, आणि ऐकणारीला वाटावं की हे तर आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं. फक्त ते खोटं आहे, आणि दोन्ही बाजूंनी खोटं आहे. तांबडा रस्सा आपण वाटीवर वाटी ओरपतो. तो एकदा गालाला लावून बघा. आणि ज्या आजीच्या नावावर हे वाक्य खपवलं जातं, तिने शिकेकाईची आमटी किंवा रिठ्याचं कालवण केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. खायच्या वस्तू ती फडताळात ठेवायची आणि अंगाला लावायच्या न्हाणीघराच्या कोनाड्यात.

मी दुकानदार आहे, हे आधीच सांगून टाकतो. सीरम विकलं की मला चार पैसे सुटतात, तेव्हा या लेखाकडे संशयाने बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त तेवढ्याच संशयाने त्या व्याख्यानानंतर दाराशी मांडलेल्या टेबलाकडेही बघा. तिथे बिनलेबलाच्या डब्यांतून 'शुद्ध घरगुती फेस जेल' विकलं जात होतं.

पाणीसुद्धा केमिकलच, मीठसुद्धा केमिकलच, असं म्हणून टाळी घेणारे विज्ञानप्रेमी मला आवडत नाहीत. काउंटरवर येणाऱ्या मावशी 'केमिकल' म्हणतात तेव्हा त्यांना पाणी म्हणायचं नसतं. त्यांना गुळातली हायड्रॉस पावडर म्हणायची असते. आपल्या भागात हा शब्द पुस्तकातून नाही, गुऱ्हाळावरून आला. काहिलीतल्या रसाची मळी भेंडीच्या चिकट पाण्याने वर काढणारा गुळव्या त्यांनी बघितलाय, आणि मार्केट यार्डात पिवळ्याधमक ढेपेला भाव मिळतो म्हणून रसात पावडर टाकणाराही बघितलाय. ही भीती हवेतून आलेली नाही. पण गुऱ्हाळावर मावशी जो प्रश्न विचारतात तो नेमका असतो: कोणती पावडर, आणि किती? भेंडीचं पाणीही बाहेरून घातलेलंच असतं, त्याला त्या हरकत घेत नाहीत. चेहऱ्याच्या बाटलीपाशी आल्यावर मात्र हा शहाणपणा गळून पडतो आणि 'जे जे वाचता येत नाही ते ते विष' असा निकाल लागतो.

एक गंमत सांगतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते गुळाचा काळपटपणा घालवतं ते रंगद्रव्यांना इलेक्ट्रॉन देऊन. अँटिऑक्सिडंटचं कामही तेच, इलेक्ट्रॉन देणं. म्हणजे गुळातली बदनाम पावडर आणि सीरममधलं नावाजलेलं जीवनसत्त्व रसायनशास्त्राच्या हिशेबात एकाच कामाचे गडी. तेव्हा 'अँटिऑक्सिडंट' हा शब्दसुद्धा चांगुलपणाचा दाखला नाही, हे बाटली विकणाऱ्यांनीही ऐकून ठेवावं.

खाण्याजोगं ते निरुपद्रवी, हे समीकरण आपल्या गावात तर कोणी मांडूच नये. दूध, दही, तूप, मध, साखर, पाचही वस्तू पोटात जाणाऱ्या. तरी वर्षानुवर्षांच्या अभिषेकांनी अंबाबाईच्या मूर्तीची झीज होते म्हणून मूळ मूर्तीवरचा अभिषेक थांबवावा लागला, आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी मूर्तीचं रासायनिक संवर्धन केलं. त्यावरून झालेले वाद गावाला पाठ आहेत, ते इथे उकरत नाही. पंचामृताने दगड झिजतो म्हणून गाल झिजेल, असंही माझं म्हणणं नाही. पण जी गोष्ट देवळाच्या गाभाऱ्यात आपल्याला कळली, ती आरशासमोर का कळू नये?

आता त्या बाटलीत असतं काय ते बघू. वांगी चिरून पाण्यात न टाकता ताटात राहिली की काळी पडतात. रसवंतीवरचा रस पेल्यात तसाच ठेवा, त्याचाही रंग उतरतो. हवेतला ऑक्सिजन, आणि त्याला हात देणारं रसातलं एन्झाइम. रसवंतीवाला लिंबू पिळतो ते नुसतं चवीला नव्हे. आंबटपणाने ते एन्झाइम मंदावतं आणि लिंबातलं जीवनसत्त्व सी रसाच्या आधी स्वतः खर्ची पडतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे आणि धुरामुळे त्वचेतही असे अस्थिर रेणू तयार होतात, जे शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. सीरमची सगळी कल्पना एवढीच, की ओढाओढ सुरू झाली की पहिला मार खायला कोणीतरी उभा असावा.

"मग लिंबूच का चोळू नये?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो, आणि व्याख्यानातही त्याचं उत्तर 'चोळा' असंच दिलं गेलं म्हणे. १०० मिली लिंबाच्या रसात जीवनसत्त्व सी असतं साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम. १५ टक्क्यांच्या सीरममध्ये तेवढ्याच मापात १५ ग्रॅम, म्हणजे १५,००० मिलिग्रॅम. तीनशे पटींचा फरक. चेहऱ्यावर लिंबू चोळून जीवनसत्त्व सी मिळवणं म्हणजे पंचगंगेत खडीसाखर टाकून सरबत करणं. उलट लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की फोड येतात आणि नंतर महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. त्वचारोगतज्ज्ञांकडे असे पेशंट नेमाने येतात, आणि ते कोणीही लिंबाच्या खात्यावर मांडत नाही.

खरं तर जीवनसत्त्व सीच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी लिंबापेक्षा मिरचीचा तोरा मिरवावा. आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी नावाचा हंगेरियन शास्त्रज्ञ सेगेद गावात हे द्रव्य पुरेशा प्रमाणात मिळवायला धडपडत होता. तो पाप्रिका मिरचीचा मुलूख. एका रात्री बायकोने जेवणात मिरची वाढली, ती खायची इच्छा नव्हती, बायकोला तसं सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेत तपासून बघतो म्हणत ती घेऊन निघालो, अशी हकीकत त्याने स्वतःच सांगितली आहे. मिरचीत खजिना निघाला. काही आठवड्यांत किलोच्या मापात शुद्ध जीवनसत्त्व सी हाती आलं, आणि १९३७ मध्ये त्याला नोबेल मिळालं. (कांदा-लसूण मसाला फासायला धावू नका. मिरची वाळवून, भाजून, कुटून होईपर्यंत त्यातलं सी बहुतेक उडून गेलेलं असतं. तिखटपणा तेवढा शाबूत राहतो.)

मिरचीतून काढलेलं असो की कारखान्यात ग्लुकोजपासून बनवलेलं असो, ॲस्कॉर्बिक ॲसिडचा रेणू तोच. त्वचेला त्याचा जन्मदाखला वाचता येत नाही. तिला दोनच गोष्टी कळतात, प्रमाण आणि सामू, म्हणजे पीएच. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की द्रावणाचा सामू ३.५ च्या खाली असेल तरच ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत नीट शिरतं, आणि २० टक्क्यांच्या वर नेऊन फायदा वाढत नाही. २००५ मध्ये त्याच गटाने १५ टक्के सी, १ टक्का ई आणि त्यात अर्धा टक्का फेरुलिक ॲसिड घातलं, तर उन्हापासूनचं संरक्षण दुप्पट झालं. हे बरंचसं काम डुकराच्या त्वचेवरचं आहे, आणि पिनेल स्वतः असं सीरम विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक-शास्त्रज्ञ होते. हे लपवण्यात अर्थ नाही. मी तर म्हणतो, हे ठाऊक असूनही निदान तपासायला काहीतरी मांडलेलं आहे. फेस जेलच्या डबीवर कोणाशी वाद घालायचा?

फेरुलिक ॲसिड हे नाव काउंटरवर वाचून एक वहिनी दचकल्या होत्या. ॲसिड! फेरुला हे हिंगाच्या झाडाच्या प्रजातीचं नाव. हिंगातून ते पहिल्यांदा वेगळं केलं म्हणून फेरुलिक. तांदळाच्या कोंड्यात ते असतं आणि उसाच्या चिपाडातही असतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात आपण वर्षानुवर्षं ते जाळत आलो. वहिनींनी त्यानंतर बोटाने लेबलवरची आणखी चार नावं दाखवली: "हे केमिकल, हे केमिकल, हे तर बघा, कर्क्युमा लॉन्गा!" कर्क्युमा लॉन्गा म्हणजे हळद. शेजारचं टोकोफेरॉल म्हणजे जीवनसत्त्व ई, जे शेंगतेलातही असतं आणि ते लवकर खवट होऊ देत नाही. ॲक्वा म्हणजे पाणी.

लेबल वाचणं अवघड नाही, पण एक खुबी लक्षात ठेवावी लागते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे एक टक्क्याच्या वरचे सगळे घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, सगळ्यात जास्त ते आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही रेषा लेबलवर छापलेली नसते, ती आपण शोधायची. मी फिनॉक्सिइथॅनॉल शोधतो. ते टिकाऊपणासाठी घालतात आणि एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आलं ते एक टक्क्याच्या आतलं, एवढं पक्कं.

ही पट्टी घेऊन परवा आलेली एक बाटली बघितली. समोर केशराच्या काड्या, हळकुंड आणि आवळा, सगळं सोनेरी. मागे पाणी, ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, नायसिनमाइड, फिनॉक्सिइथॅनॉल, आणि त्यानंतर केशराचा अर्क, हळदीचा अर्क, आवळ्याचा अर्क, अत्तर. ३० मिलीच्या बाटलीत एक टक्का म्हणजे ०.३ मिली, साधारण सहा-सात थेंब. तेही अर्काचे, आणि अर्कात मुख्यतः पाणी नाहीतर ग्लिसरीन. बाटलीत जे काही काम करत असेल ते नायसिनमाइड, म्हणजे जीवनसत्त्व बी-३, बिचारं चौथ्या नंबरवर बिनफोटोचं बसलेलं. त्याचा फोटो कसा काढणार म्हणा. पण म्हणून एक टक्क्याखालचं सगळं दिखाऊ, असंही नाही, कारण फेरुलिक अर्ध्या टक्क्यातच आपलं काम करतं. पुढची बाजू जाहिरातीची असते आणि मागची हिशेबाची. 'केमिकल नको' म्हणून मागची बाजू वाचायची सोडली की आपण आपसूक पुढच्या बाजूच्या हवाली होतो. सोनेरी केशरवाल्या कंपनीला अशी गिऱ्हाइकं हवीच असतात. व्याख्यानवाल्या बाई नकळत त्या कंपनीचंच काम करतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या बिचाऱ्या फिनॉक्सिइथॅनॉलचीही बाजू कोणीतरी घ्यायला हवी. कोरफडीचा गर वाटीत काढून दोन दिवस बाथरूमच्या खिडकीत ठेवा आणि वास घ्या. पाणी आहे, ओलावा आहे, रोज बोट बुडतं, तिथे जंतू येणारच. लोणच्यात आपण मूठमूठ मीठ आणि वर तेलाचा थर का देतो? सीरममध्ये मीठ घालून भागत नाही, म्हणून दुसरं काही.

हळदीच्या पेटंटचा मुद्दा निघाल्याशिवाय असली चर्चा संपत नाही, तशी ती परवाही संपली नाही. "अमेरिकेने आपली हळद चोरली होती, मग हळदीत काहीतरी असणारच!" असणारच की. पण ते पेटंट जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं होतं, गोरेपणाचं नव्हे. आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं ते डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील निबंध पुराव्याला मांडले म्हणून. 'आमची आजी लावायची' एवढं सांगून ती केस कोणी जिंकली नाही. हळदीचा अभिमान बाळगायचा तर त्या फाइलचाही बाळगावा.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला बसवलं ती. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एक तरुण मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. शोध घेता घेता संशय गेला तो एका ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीमवर. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्यात पारा निघाला, मर्यादेच्या कितीतरी पट. डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात नकळत राहिलेला पारा दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही. पारा त्वचेतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून आठ दिवसांत उजळ दिसायला लागतं. मग तो रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. अशी क्रीम लेबलवर पारा छापून येत नाहीत. ती ओळखीतून येतात, 'आमच्या घरी सगळे वापरतात' असं सांगत येतात. आपण घाबरतो कोणाला, तर ज्या बाटलीवर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापली आहे तिला. आणि ज्या डबीवर यातलं काही नाही ती हक्काने पिशवीत टाकतो, का, तर ती देणारी बाई चांगली.

माझ्या धंद्याचं पापही इथेच कबूल करतो. गोरं करणारी ट्यूब म्हणून स्टेरॉइडची मलमं आमच्या काउंटरवरून वर्षानुवर्षं चिठ्ठीशिवाय गेली. २०१८ मध्ये सरकारने त्यांतली बरीचशी चिठ्ठीच्या यादीत टाकली तेव्हा कुठे चाप बसला, आणि तोही पुरता नाही. ती ट्यूब लावून लालबुंद, पातळ झालेले गाल मी अजून बघतो. तेव्हा 'औषध दुकानातलं ते सुरक्षित' असं मी म्हणत नाही. तिथेही बाटली उलटी करा.

आणि सीरम महाग असतं, उगाच महाग असतं. ३० मिलीत १५ टक्के म्हणजे साडेचार ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते स्वतः स्वस्त आहे. पैसे जातात ते पुष्कळसे काचेवर, खोक्यावर आणि हसऱ्या चेहऱ्यावर. म्हणून चघळायची सीची गोळी गुलाबपाण्यात कुटायचा सल्ला देणारेही भेटतात. २०२० मध्ये ज्या गोळ्यांसाठी दुकानाबाहेर रांग लागली होती, त्याच. त्यात साखर, रंग आणि वास असतो, आणि सामूही लागतो तेवढा खाली जात नाही. चेहरा चिकट होईल, दुसरं काही नाही. एकाच वस्तूपुरते पैसे असतील तर सनस्क्रीन घ्या. तेवढेही नसतील तर गाडीवर बसताना पोरी बांधतात तो स्कार्फ काही कमी नाही. हे मी विकणारा असून सांगतो.

निम्म्या बाटलीवाली मुलगी आणि तिची आई संध्याकाळी पुन्हा आल्या. मी दोन पेल्यांत पाणी घेऊन प्रत्येकात बेटाडिनचा एकेक थेंब टाकला. दोन्ही पेले फिक्या चहाच्या रंगाचे झाले. पहिल्यात नव्या, न उघडलेल्या बाटलीतलं सीरम ड्रॉपरने टाकलं. पहिला थेंब पडताच पाणी नितळ झालं, जणू काही घातलंच नव्हतं. ॲस्कॉर्बिक ॲसिडने आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले की रंग जातो. दुसऱ्यात मुलीच्या बाटलीतलं टाकत गेलो. तिने ती दिवाळीपासून बाथरूमच्या खिडकीत, उन्हात ठेवलेली, आतलं द्रव गडद तपकिरी झालेलं. पाच थेंब. दहा. रंग थोडा फिका झाला, गेला नाही. हा न्यायनिवाडा नव्हे, हेही त्यांना सांगितलं. ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइडसारखी जीवनसत्त्व सीची टिकाऊ रूपं असतात, त्यांच्याने आयोडीनचा रंग जात नाही, म्हणून बाटली खोटी ठरत नाही. पण हिच्या लेबलवर साधं ॲस्कॉर्बिक ॲसिड होतं, आणि त्यातलं बहुतेक खिडकीतच खर्ची पडलेलं.

"म्हंजे ह्ये बी शिळं हुतंय," मावशी म्हणाल्या.

"होय. अंधारात, गारव्यात ठेवायचं, आणि उघडल्यावर तीनेक महिन्यांत संपवायचं."

"मग ह्यात घालून बघा की." त्यांनी पिशवीतून व्याख्यानातली डबी काढली.

घातलं. रंग तसाच राहिला. त्यावरून डबीबद्दल काही ठरत नाही, असं मी पुन्हा म्हणालो, आणि ती उलटी करून बघितली. मग झाकण बघितलं, कड बघितली. पांढरं प्लास्टिक, दुसरं काही नाही.

"लिवलेलं काय न्हाई," मावशी डबी परत पिशवीत ठेवत म्हणाल्या, "खरं बाई लई भारी बोलल्या बघा."